होंडेकूटरचे ‘तरंगते पीस’: पक्षी कात्रणासारखे का दिसतात आणि ते पाण्यात कसे बसवायचे

प्रश्न थोडक्यात असा: सतराव्या शतकातला डच चित्रकार मेल्खिओर डी होंडेकूटर याच्या ‘तरंगते पीस’ या चित्राची तेलरंगात अर्ध्या मापाची प्रत करायला घेतली आहे. पेलिकन आणि बदके एकेकटी पाहिली तर बरी वाटतात, पण लांबून पाहिले की कात्रणे चिकटवल्यासारखी दिसतात. समोरचे पीस पाण्यावर तरंगत नाही, टेबलावर ठेवल्यासारखे वाटते. चुकतेय कुठे? आणि याच पद्धतीने भिगवणचे पक्षी रंगवता येतील का?

दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. प्रत्येक पक्षी स्वतंत्रपणे पूर्ण केला गेलाय: त्याचा सर्वांत गडद काळा, त्याचा सर्वांत उजळ पांढरा आणि चहूबाजूंनी स्वच्छ कड. अशी बारा-पंधरा ‘पूर्ण’ चित्रे एका कॅनव्हासवर आली की ती एकमेकांशी बोलत नाहीत. या चित्रातले पक्षी एकत्र धरून ठेवलेत ते सगळ्यांखालून जाणाऱ्या मधल्या तपकिरी-करड्या टोनने आणि हरवलेल्या, म्हणजे आजूबाजूच्या रंगात विरघळलेल्या, कडांनी. पिसांचे बारकावे हे कामाचा शेवटचा हिस्सा, आणि तोही छोटा. तेव्हा शून्य नंबरचा बारीक ब्रश सध्या बाजूला ठेवा.

मूळ चित्र कॅनव्हासवर तेलरंगात आहे. माप १५९ × १४४ सेंमी, काळ १६८० च्या सुमाराचा, आज ते ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. पुढे तळे, त्यात बदके आणि इतर पाणपक्षी, भलामोठा पेलिकन, मागे बागेसारख्या मोकळ्या जागेत कॅसोवरी (न उडणारा मोठा पक्षी), तुरेवाला आफ्रिकी क्रौंच, रोहित (फ्लेमिंगो). आणि अगदी पुढे पाण्यावर ते छोटेसे वळलेले पीस, ज्याच्यावरून चित्राचे नाव पडले. आता या यादीकडे पक्षिनिरीक्षकाच्या नजरेने पाहा. कॅसोवरी न्यू गिनी आणि त्याच्या आसपासच्या बेटांवरचा, क्रौंच आफ्रिकेतला. हे पक्षी निसर्गात एका तळ्यावर भेटणे शक्यच नाही. म्हणजे दिसायला निसर्गदृश्य असले तरी हा कुणा श्रीमंताच्या बागेतला पाळीव संग्रह आहे, आणि तोही चित्रकाराने जुळवलेला.

होंडेकूटरचा जन्म १६३६ चा, उट्रेख्टमधला. आजोबा हिलिस आणि वडील हाइसबर्ट दोघेही चित्रकार. १६५३ मध्ये वडील गेल्यावर तो आत्याच्या यजमानांकडे, यान बाप्टिस्ट वेनिक्सकडे, शिकला. पुढे हेगमध्ये काही वर्षे काढून ॲम्स्टरडॅमला आला आणि १६९५ मध्ये तिथेच वारला. ऑरेंजचा विल्यम, जो १६८९ मध्ये इंग्लंडचा राजा झाला, त्याच्या हेट लो आणि सूस्टडाइक अशा वाड्यांसाठी त्याने चित्रे केली. असे दूरदेशीचे पक्षी हॉलंडात पोचायचे ते डच व्यापारी जहाजांतून. पहिली जिवंत कॅसोवरी जावा बेटावरून १५९७ मध्ये ॲम्स्टरडॅमला उतरली होती. पुढे १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यातही होती, एवढा कोकणाचा धागा या गोष्टीला आहे.

कामाचा मुद्दा पुढचा. होंडेकूटर पक्ष्यांचे सुटे अभ्यास करून ठेवायचा आणि तेच वेगवेगळ्या चित्रांत वापरायचा. त्याची चार-पाच चित्रे शेजारी ठेवली की तोच पक्षी, तीच मान, तोच वळलेला पाय पुन्हा भेटतो. (हाउब्राकेन हा जुना चरित्रकार सांगतो की त्याने एक कोंबडा ईझलजवळ हव्या त्या पवित्र्यात उभा राहायला शिकवला होता. खरे-खोटे कोंबडाच जाणे.) वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उजेडात केलेले तुकडे एका कॅनव्हासवर आणायचे, ही अडचण त्याचीही होती. म्हणूनच त्याने ती कशी सोडवली ते पाहणे, पिसे मोजण्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचे आहे.

आधी संदर्भ-प्रतिमा नीट वापरा

संग्रहालयाने मोठ्या रेझोल्यूशनची प्रतिमा विनामूल्य दिलेली आहे. तिचा तोटा असा की ती वाट्टेल तितकी मोठी करता येते, आणि मग माणूस बदकाच्या गालावरचा एकेक केस रंगवत बसतो. दोन प्रती तयार ठेवा. एक रंगीत, कॅनव्हासच्याच मापाची छापून भिंतीवर. दुसरी कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढी, ईझलच्या कडेला चिकटवलेली. पहिले दोन थर संपेपर्यंत फक्त ही छोटी प्रत पाहायची. मोबाइलवर सावल्यांचा भाग उजळवून ‘आत काय आहे’ ते बघू नका. बघितले की ते रंगवायचा मोह होतो आणि गडद भागाची शांतता जाते.

रंग जसाच्या तसा उचलतानाही सावध राहा. त्या काळच्या डच चित्रांतली पाने आज बरेचदा निळसर दिसतात, कारण हिरव्यात मिसळलेला वनस्पतिजन्य पिवळा उडून गेला आणि निळा उरला. स्माल्ट या कोबाल्ट-काचेच्या निळ्या पुडीने रंगवलेली आकाशे करडी पडली. त्यावर जुन्या वॉर्निशची पिवळी छटा. तुम्हाला आजचे चित्र उतरवायचेय की ताजे असताना असावे तसे, हे एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच पाळा. माझे मत विचाराल तर आजचे उतरवा. अंदाजाने ‘ताजी’ केलेली पाने नेहमी कॅलेंडरसारखी हिरवी होतात.

आधार आणि पाया

अर्धे माप म्हणजे ७९.५ × ७२ सेंमी. या मापाला मध्यम-बारीक विणीचे लिनन आणि सागवानी स्ट्रेचर, मध्ये एक आडवी पट्टी. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर सशाच्या कातडीच्या सरसाच्या वाटेला जाऊ नका. हा सरस पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि वरचा रंग तडकतो. ॲक्रिलिक साइझचे (कापडाची छिद्रे बंद करणारा थर) दोन हात आणि ॲक्रिलिक जेसोचे (पांढरे अस्तर) तीन, प्रत्येक हात आधीच्याला आडवा, मध्ये २२० आणि शेवटी ४०० नंबरचा पॉलिश पेपर. याहून टिकाऊ हवे असेल तर साइनबोर्डवाल्यांकडे मिळणारी ॲल्युमिनियम कॉम्पोझिट शीट घ्या. तिची चकाकी खरवडून त्यावर जेसो लावला की बाराही महिने ती जागची हलत नाही.

पांढऱ्या पायावर हे चित्र करू नका. तुमच्या कात्रणांची निम्मी सुरुवात इथेच झाली असणार. त्या काळच्या अनेक डच कॅनव्हासांवर खाली तांबूस-तपकिरी आणि वर करडा असा दुहेरी पाया असे, आणि चित्रातल्या अर्धछाया तोच पुरवत असे. तुमच्यासाठी एकच रंगीत थर पुरे: पांढरा ४ भाग, रॉ अंबर (मातकट तपकिरी) २ भाग, यलो ऑकर १ भाग, काळा अर्धा भाग. टर्पेंटाइनने दुधाएवढा पातळ करून रुंद ब्रशने लावा, कापडाने पुसून सारखा करा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा पायऱ्या धरल्या तर हा टोन चौथ्या-पाचव्या पायरीवर यायला हवा. आठवडाभर वाळू द्या. पावसाळा असेल तर दोन आठवडे.

रेखाटनाला चौकटी आखणार असाल तर कॅनव्हासवर ९ सेंमीच्या आखा, म्हणजे मूळ चित्रातल्या १८ सेंमीला त्या जुळतात आणि रुंदीत बरोबर आठ बसतात. त्याहून सोपे म्हणजे छापील प्रतीच्या मागे रॉ अंबर चोळून, जादा रंग पुसून, बोथट पेन्सिलीने ट्रेस करणे. ग्रॅफाइटचा कार्बन पेपर टाळा. त्याच्या रेघा फिकट तेलरंगातून काही वर्षांनी वर दिसू लागतात. आणि बाह्यरेषा अखंड उतरवू नका. डोळा, चोचीचे टोक, छातीचा सर्वांत पुढचा बिंदू, पाण्याला अंग टेकते ती दोन टोके, शेपटीचे टोक, एवढ्या खुणा एका पक्ष्याला पुरतात. अखंड रेघ काढली की हात नकळत तिच्या आत रंग भरत जातो, आणि मग कड वितळवायची कुठे?

अंडरपेंटिंग: सगळे पक्षी एकाच बैठकीत

हा रंगांखालचा, फक्त उजेड-सावलीचा थर: रॉ अंबर, थोडा काळा आणि पांढरा. ब्रश मोठा, अर्ध्या इंचाचा फ्लॅट. पहिल्या बैठकीत संपूर्ण कॅनव्हास झाकायचा, एकही पक्षी ‘पुढे’ जाता कामा नये. डोळे बारीक करून कृष्णधवल प्रत पाहा: खरा उजेड किती थोड्या जागी आहे ते कळेल. पेलिकनचे अंग, एखाद-दोन बदकांची छाती, आकाशाचा तुकडा. बाकी सगळे मध्यम आणि गडद. फिकट पक्ष्याच्या मागे गडद झाडी किंवा पाणी, गडद पक्ष्याच्या मागे उजेड, ही अदलाबदल याच थरात पक्की करा. ती नंतर साधत नाही.

या थरात काळा जपून. हाडांचा काळा, ज्याला दुकानात आयव्हरी ब्लॅक म्हणतात, तो तेल फार पितो आणि सावकाश वाळतो. त्यावर अंबरसारखा झपाट्याने वाळणारा रंग आला की वरचा थर आधी आवळतो आणि भेगा पडतात. अंबरमध्ये मँगनीज असते म्हणून तो लवकर वाळतो, त्यामुळे तो खालच्या थरांसाठीच उत्तम. पहिल्या थराला फक्त टर्पेंटाइन, दुसऱ्याला टर्पेंटाइन २ भाग आणि जवसाचे तेल १ भाग, शेवटच्या कामाला दोन्ही समसमान. खालून वर तेल वाढत जायला हवे. उलटे झाले तर वर्षभरात चित्र तुम्हाला ते दाखवते.

कडा

आता तुमच्या तक्रारीचा गाभा. मूळ चित्रातला कुठलाही एक पक्षी घ्या आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवा. डोक्याची आणि चोचीची कड स्पष्ट, उजेडाकडच्या छातीचा एक तुकडा स्पष्ट. पाठीवर आलात की कड मऊ, आणि सावलीकडच्या पोटाशी ती जवळजवळ नाहीशी, पोट आणि जमीन एकाच तपकिरीत मिसळलेली. प्रत्येक पक्ष्याला स्पष्ट कडेचा वाटा साधारण एक चतुर्थांश धरा. मागच्या रांगेतल्या पक्ष्यांना त्याहूनही कमी, आणि त्यांच्यात शुद्ध काळा वा शुद्ध पांढरा बिलकुल नको.

कड मऊ करायची ती रंग ओला असतानाच, कोरड्या मऊ ब्रशने, पक्ष्याकडून पार्श्वभूमीकडे एकदा आणि पार्श्वभूमीकडून पक्ष्याकडे एकदा. पक्षी आज आणि त्यामागची झाडी पुढच्या आठवड्यात असे केले तर हे अशक्य आहे. म्हणून पक्षी रंगवताना त्याच्या भोवतीची चार बोटे जागा त्याच बैठकीत ओली करायची.

तुमचे पक्षी वाळले असतील तर रंग खरवडायची गरज नाही. जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात त्या भागावर फिरवा आणि कापडाने जवळजवळ सगळा पुसून घ्या. रॉ अंबरमध्ये किंचित ट्रान्स्परंट ब्राउन मिसळून पातळ ग्लेझ (पारदर्शक रंगाचा थर) करा आणि पक्ष्याच्या सावलीकडच्या बाजूवरून सरळ जमिनीवर उतरेल असा एकच सलग हात द्या. मध्ये थांबायचे नाही, कड ‘वाचवायची’ नाही. मग उजेडाच्या जागा सुती कापडाने उघडा. असे शेजारच्या तीन-चार पक्ष्यांना एकाच ग्लेझने जोडले की गट तयार होतो. जमिनीवर उभ्या पक्ष्यांच्या पायांशी पडणाऱ्या सावल्या सगळ्या एकाच दिशेला आहेत ना, तेही याच वेळी तपासा.

पेलिकन, बदके, कॅसोवरी

पेलिकन पांढरा आहे या कल्पनेनेच बहुतेक प्रती बिघडतात. त्याचे अंग चार टोनचे आहे: सावलीतला उबदार करडा, त्यावरचा थंड करडा, गुलाबी-पिवळसर मध्यम उजेड, आणि शेवटी अगदी थोडा पांढरा. थंड करडा निळा रंग घालून मिळवू नका. वाळलेल्या तपकिरीवर पांढऱ्याचा पातळ, कोरडा हात घासला की तो आपोआप निळसर दिसतो. गडदावर अर्धपारदर्शक पांढरा आला की असे होतेच. पिसांची ओळ दाखवायची ती फक्त जिथे अंग उजेडातून सावलीत वळते त्या पट्ट्यात. भर उजेडात पिसे दिसत नाहीत, भर सावलीतही नाहीत. पंखावर प्रत्येक पीस सारख्या जोराने काढले की तो कौलारू छपरासारखा होतो.

पांढऱ्याबद्दल एक सूचना. टिटॅनियम पांढरा फार जोरकस असतो, छोट्या थेंबानेही मिश्रण खडूसारखे होते, म्हणून त्यात चिमूटभर ऑकर आधीच मिसळून ठेवा. नुसता झिंक सफेदा पारदर्शक म्हणून मोहात पाडतो, पण वाळल्यावर ठिसूळ होऊन तडे जातात. मूळ चित्रकार शिशाचा सफेदा वापरत. तो विषारी आहे. वापरायचाच झाला तर ट्यूबमधलाच, कोरडी पूड कधीच नाही, आणि वाळलेल्या थरावर पॉलिश पेपर मारायचा नाही.

बदकांच्या बाबतीत आधी ते पाण्यात किती बुडते ते बघा. पाण्यावरूनच चरणारी बदके उंच तरंगतात, शेपूट पाण्याच्या वर असते. बुड्या मारणारी बदके खोल बसतात, शेपूट पाण्याला टेकते. दुसरे, पोहणाऱ्या बदकाचा पंख बराचसा बगलेच्या पिसांखाली दडलेला असतो. वर दिसतात ती पाठीवरची लांब पिसे आणि शेपटीवर एकमेकांना छेदणारी उड्डाणपिसांची टोके. फोटोवरून काम करणारे लोक इथे अख्खा पंख काढतात आणि बदक खेळण्यातले होते. पंखावरचा चमकदार हिरवा-निळा पट्टा काढायचा तर खाली फिकट करडा ठेवा, तो वाळल्यावर व्हिरिडियनचे किंवा अल्ट्रामरीनचे ग्लेझ द्या आणि चमक एकाच ठिकाणी. सगळ्या बदकांचे पट्टे एकदम चमकू लागले तर पेलिकनकडे कोण बघणार?

कॅसोवरीचे पीस बाकीच्यांसारखे नसते. त्याच्या एका मुळातून जवळपास सारख्या लांबीचे दोन दांडे फुटतात आणि त्यांचे तंतू एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून ते केसांसारखे लोंबते. तिथे पिसांचे खवले काढू नका. गडद तपकिरीचा सपाट आकार करा, ओला असताना फॅन ब्रशच्या टोकाने खाली ओढा आणि सोडून द्या.

पाणी

पाण्याला ‘पाण्याचा रंग’ नसतो. लांबचे पाणी आपण तिरप्या नजरेने पाहतो, म्हणून ते आकाश परत फेकते आणि उजळ दिसते. पायाशी असलेल्या पाण्यात नजर आत शिरते, म्हणून ते गडद आणि हिरवट-तपकिरी. पीस ठेवायला पुढची गडद जागा सोयीची पडते, ती याचमुळे.

प्रतिबिंब म्हणजे पक्ष्याची उलटी झेरॉक्स नव्हे. प्रतिबिंबात पक्षी खालून दिसतो: हनुवटी, पोट, शेपटीची खालची बाजू. फिकट वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा एक पायरी गडद, गडद वस्तूचे एक पायरी उजळ. रंग उभा खाली ओढा, मग स्वच्छ रुंद ब्रशने आडवा एकच हलका हात द्या. पाण्याची रेघ जिथे अंगाला भेटते तिथे सलग रेघ मारायची नाही. कुठे बारीक गडद, कुठे तुटक उजळ, कुठे काहीच नाही. तळ्यातली बदके चिकटवल्यासारखी दिसण्याचे निम्मे कारण ही एक सलग रेघ असते.

आणि ते पीस

तुमच्या पिसाखाली गडद सावली काढलेली असणार. टेबलावरच्या वस्तूला सावली पडते, कारण टेबलाला पृष्ठभाग आहे. गडद, खोल पाण्याच्या पृष्ठभागावर सावली थांबत नाही. ती तळाशी किंवा गढूळपणात जाते, आपल्याला दिसते ते प्रतिबिंब. ते पिसाच्या बरोबर खाली येते, बाजूला सरकत नाही. जिथे पीस पाण्याला टेकलेय तिथे दोन्ही जोडलेले, जिथे पिसाचे टोक उचललेय तिथे दोघांमध्ये फट. पीस किती उचलले गेले ते ही फटच सांगते. सावली पुसा आणि फट काढा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

उरलेला निम्मा हाताळणीचा. पाणी पूर्ण वाळलेले हवे, नखाने दाबले तर खूण उमटू नये इतके. त्या जागी तेलाचा पुसट हात द्या. पांढरा, किंचित रॉ अंबर, थोडे तेल असे साईएवढे मिश्रण करा. मऊ सेबल ब्रश, सहा-आठ नंबरचा, केस बोटांनी चपटे करून. दांड्यापासून बाहेर, पिसाच्या वळणाने, एका बाजूला तीन-चार आणि दुसऱ्या बाजूला तीन-चार हात. ब्रश टोकाला उचलत न्यायचा म्हणजे कड आपोआप पातळ होते आणि खालचे गडद पाणी तिच्यातून दिसते. तेच पाणी दिसणे म्हणजे पिसाचा हलकेपणा. जाड रंग घातला की ते पोर्सेलीनचे होते. मुळाकडचा भाग लवेचा असतो, तिथे रंग न घालता कोरड्या ब्रशने फक्त फिसकटवा. दोन ठिकाणी तंतू सुटून खाच पडू द्या. निसर्गात गळलेले पीस सहसा अखंड नसते. दांडा लांब, बारीक केसांच्या रिगर ब्रशने, एका श्वासात, मुळाशी जाड आणि मध्येच नाहीसा होणारा. पाण्याला टेकते तिथे पाणी किंचित दबते, तिथे केसाएवढी एक उजळ रेघ, दोन-तीन मिलिमीटर, बस. जमले नाही तर टर्पेंटाइनच्या कापडाने पुसून पुन्हा करा. पाणी खरोखर वाळलेले असेल तर हवे तितक्या वेळा पुसता येते. कॅनव्हासवर जाण्याआधी तपकिरी रंगवलेल्या पुठ्ठ्यावर याचा सराव करा, आणि शेजारी पाण्याने भरलेल्या काळ्या ताटलीत खरे पीस ठेवा. कबुतराच्या छातीचे चालते.

भिगवणचे पक्षी घ्यायचे तर

जरूर घ्या. उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित आहेत, हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदक, थापट्या येतात, हळदीकुंकू बदक तर इथलेच. पक्षी एकाच पाणथळीवरचे असल्याने होंडेकूटरसारखी तीन खंडांची मोट बांधावी लागत नाही. पण तुमचे संदर्भ फोटोंचे असतील आणि तिथे अडचणी वेगळ्या.

लांब लेन्सने काढलेल्या फोटोत अंतर दबते, पुढचा आणि मागचा पक्षी एकाच पातळीवर येतात. म्हणून आकारांचे प्रमाण फोटोवरून न घेता खऱ्या मापांवरून घ्या: मोठा रोहित उभा असताना सव्वा ते दीड मीटर, हळदीकुंकू बदक चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण साठ सेंमी. उजेड एकाच दिशेचा हवा, तेव्हा सकाळी, सूर्य डोक्यावर येण्याआधीचे, आणि एकाच काठावरून काढलेले फोटो निवडा. नावेतून काढलेले खालच्या कोनाचे फोटो सर्वांत कामाचे, कारण होंडेकूटरही आपल्याला पक्ष्यांच्या उंचीवर आणून बसवतो. स्थलांतरित बदकांचे नर ऑक्टोबरात येतात तेव्हा पिसारा मळकट, मादीसारखा असतो. त्यांचे खरे रंग पाहायला डिसेंबर-जानेवारी गाठा. आणि चिखल, गवत, प्लास्टिकच्या बाटल्या यातले काय ठेवायचे ते तुम्ही ठरवा. पार्श्वभूमी मात्र खालच्या तपकिरी पायावरच उभी राहू द्या. भर दुपारच्या निळ्या आकाशाखाली ही पद्धत चालत नाही.

सारस हवा असेल तर तो भिगवणला नाही, गोंदिया-भंडाऱ्याकडे. होंडेकूटरच्या इतर चित्रांत सारस आहे, त्याची मान तिथून अभ्यासता येईल.

संपवताना

मधूनमधून काही गडद भाग कोरडे, फिकट पडलेले दिसतील. तेल खालच्या थराने शोषल्याची ती खूण. त्यावर जादा रंग चढवू नका, तेलाचा पुसट हात देऊन पुसा, मूळ गडदपणा परत येतो. कुठला पक्षी ‘कमी पूर्ण’ वाटतो म्हणून त्याला उचलण्याआधी चित्र आरशात पाहा. बहुतेक वेळा तो पक्षी ठीक असतो, शेजारचा जास्त झालेला असतो.

जवसाच्या तेलात भिजलेली कापडे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. वॉर्निश सहा महिन्यांच्या आत नाही, जाड थर असतील तर वर्षभर थांबा, आणि जून ते सप्टेंबरमध्ये तर नकोच. दमट हवेत त्यावर दुधाळ पापुद्रा येतो आणि तुमचे सगळे गडद पाणी राखाडी होते. डिसेंबरातली कोरडी दुपार निवडा, चित्र आणि वॉर्निश दोन्ही आदल्या दिवसापासून त्याच खोलीत ठेवा. कॅनव्हासच्या मागे ‘होंडेकूटरनुसार’ असे लिहून खाली तुमचे नाव आणि वर्ष टाका.